माझ्या फ्लॅटची खोटी जाहिरात 'व्हेरिफाइड' म्हणून झळकतेय. साइटवर कायद्याने काय करता येतं?

गोदाकाठचा

मी नाशिकचा. पुण्यात सिंहगड रोडला, माणिकबागेत माझा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. २०२३ मध्ये एका मोठ्या प्रॉपर्टी साइटवर जाहिरात टाकून तो भाड्याने दिला. सोलापूरहून आलेले निवृत्त काका-काकू राहतात. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेलं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली, भाडं न मागता एक तारखेला जमा. पुण्यातला फ्लॅट नाशिकला बसून सांभाळतोय असं कधी वाटलंच नाही, इतकं सुरळीत.

दिवाळीनंतर काकूंच्या दाराची बेल वाजायला लागली. "फ्लॅट बघायला आलोय." पहिल्या जोडप्याला काकूंनी वाट चुकले असतील म्हणून पाणी दिलं, चहाही विचारला. पुढे एका रविवारी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात एकाखाली एक 'फ्लॅट बघणे' असं लिहिलेलं. त्याने वैतागून मला त्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा मी साइट उघडली.

माझाच फ्लॅट. भाडं १३,५००, डिपॉझिट ४०,०००. आमच्या गल्लीत या पैशांत आता वन आरके मिळणंही मुश्कील. नावाशेजारी हिरवी खूण, 'व्हेरिफाइड ओनर', खाली 'झीरो ब्रोकरेज', वर 'फोटो नुकतेच काढलेले'. आणि फोटो माझे, २०२३ मध्ये मी मोबाइलवर काढलेले. ओट्याशेजारच्या भिंतीवर आमचं कालनिर्णय दिसतंय, पान मे २०२३ चं, त्यावर बायकोने सिलिंडर लावल्याच्या तारखेभोवती लाल पेनाने केलेला गोल. आता ती भिंत रंगवून झाली, ओटा बदलून झाला.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण मग लातूरचा एक मुलगा बॅगाच घेऊन आला. पहिली नोकरी. त्याने 'मालकाला' टोकन म्हणून ८,००० रुपये टाकले होते. काकांनी त्याला घरात बसवून मला फोन लावून दिला. चॅट बघितलं. 'मालक' सीआरपीएफमध्ये, पोस्टिंग जम्मूला, चावी भाऊ देणार, पण आधी सोसायटीच्या गेटपाससाठी टोकन. विश्वास बसावा म्हणून आधार कार्डाचा फोटो पाठवलेला. नाव माझं, चेहरा कुणा तिशीतल्या पोराचा! आणि ऐका, या 'मालकाचा' नंबर दिसावा म्हणून त्या मुलाने साइटचा प्लॅनही विकत घेतला होता.

मी साइटवर 'रिपोर्ट' दाबलं. उत्तर आलं की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, सदर जाहिरातीबाबत कृपया जाहिरातदाराशी संपर्क साधा. म्हणजे चोरालाच फोन करून विचारू का, की बाबा रे, थांबतोस का? हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली, पण ज्या अकाउंटवरून जाहिरात टाकली त्याच अकाउंटवरून ती काढता येते म्हणाली. एवढ्यावर बोळवण.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे जा. मेहुणा म्हणतो या साइटवाल्यांना कायद्याने हात लावता येत नाही. काका सज्जन आहेत, पण परवा म्हणाले, "साहेब, या वयात रोज दार उघडून खुलासे देणं आम्हाला जमायचं नाही." असे भाडेकरू गेले तर परत मिळायचे नाहीत. वकिलाची नोटीस पाठवायला माझी ना नाही, पण ती कुणाला आणि कशाखाली? पैसे घेऊन खोट्या माणसाला हिरवी खूण देणारा खरंच 'केवळ मध्यस्थ' ठरतो का?

मुठेपलीकडे

कायदा वगैरे नंतर. आज स्क्रीनशॉट टाकून ट्विटरवर कंपनीला टॅग करा. संध्याकाळपर्यंत उतरते की नाही बघा. स्वानुभव आहे.

गोदाकाठचा

केलं. "असुविधेबद्दल दिलगीर आहोत, डीएम करा." डीएम केला. तिथेही तेच, जाहिरातदाराशी संपर्क साधा.

बाररूम

शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. या प्रकारची प्रकरणं अलीकडे वरचेवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी महारेरा डोक्यातून काढा. रेरा कायदा २०१६ चा, आणि त्यात एजंटची व्याख्या आहे ती नोंदणीयोग्य प्रकल्पातल्या घराच्या विक्रीपुरती. जुन्या इमारतीतलं भाड्याचं घर तिथे बसतच नाही. नव्या प्रकल्पाची जाहिरात असती तर गोष्ट वेगळी. तिथे व्याख्येत 'कोणत्याही माध्यमातून' गिऱ्हाईक आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा असे शब्द आहेत, आणि विक्री करणारी वेब पोर्टल्सही त्यात येतात असं केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने आपल्या प्रश्नोत्तरांत म्हटलेलं आहे. पोर्टलं म्हणतात आम्ही वर्तमानपत्रासारखी जागा विकतो, गाठ घालत नाही. तो वाद स्वतंत्र आहे, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं अर्धं बरोबर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल साइटला जबाबदार धरता येत नाही, आणि मध्यस्थ म्हणजे कोण यात ऑनलाइन बाजारपेठाही स्पष्ट लिहिलेल्या आहेत. पण हे संरक्षण अटींवर आहे. मजकूर त्यांनी निवडलेला किंवा बदललेला नको, आणि सरकारने नेमून दिलेली काळजी त्यांनी घेतलेली हवी. बेकायदा गोष्ट 'प्रत्यक्ष माहीत' झाल्यावरही ती ठेवली तर संरक्षण जातं. आता 'प्रत्यक्ष माहीत' म्हणजे काय, तर २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना एवढाच घेतला. कुणीही उठून मेल केला की मजकूर काढा, असं झालं तर साइटनेच न्यायाधीश व्हायचं का, हा त्यामागचा विचार. अभिव्यक्तीच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण त्याचा आडोसा घेऊन फ्लॅटच्या बोगस जाहिरातीलाही तेच उत्तर दिलं जातं, आणि तुमच्यासारखे लोक तिथेच अडकतात.

मग वाट कुठून? माझ्या मते तुमचं सगळ्यात धारदार हत्यार ते कालनिर्णय आहे.

फोटो तुम्ही काढले. कॉपीराइट कायद्याने त्यांचे कर्ते तुम्ही. साइटवर चढवताना तुम्ही त्यांना वापरायची परवानगी दिलीत, पण मालकी दिली नाहीत, आणि ती परवानगी तिसऱ्याच माणसाच्या जाहिरातीसाठी तर नक्कीच नव्हती. आता कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ बघा. लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने ३६ तासांत तो मजकूर दिसेनासा करायचा असतो, २१ दिवसांसाठी. याला आधी कोर्टाचा आदेश लागत नाही. २०१६ मध्ये मायस्पेसच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइटपुरती 'प्रत्यक्ष माहीत' ची कसोटी वेगळी आहे असंच सांगितलं. तक्रारीत फोटोचं वर्णन, ते तुमचे असल्याचा पुरावा, जाहिरातीची नेमकी लिंक आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची तुमची हमी, एवढं हवं. मोबाइलमधली मूळ फाइल असेल तर उत्तम, तिच्यात तारीख-वेळ असते. साइटने फोटोवर स्वतःचा शिक्का उमटवला असेल तर घाबरू नका, शिक्क्याने मालकी बदलत नाही.

हे 'रिपोर्ट' बटणावरून करू नका. ते बटण दाबून तक्रार कुठे जाते ते देवालाच ठाऊक. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मध्यस्थाला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर छापावा लागतो. बहुतेक वेळा तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, अटी-शर्तींच्या पोटात असतो. त्याला मेल. २४ तासांत पोच देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नियम आले तेव्हा निकालाला १५ दिवस होते, पुढे काही प्रकारांत मुदत आणखी आवळली. तोतयेगिरीच्या तक्रारीला तर याहून आखूड मुदत आहे. तुमच्या नावाचं आधार दाखवून व्यवहार चाललाय, तेव्हा मेलच्या विषयातच 'तोतयेगिरी' हा शब्द टाका. साइट म्हणेल तो नियम फोटो-व्हिडिओतल्या तोतयेगिरीबद्दल आहे, म्हणू दे. उत्तर आलं नाही किंवा थातुरमातुर आलं तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. या समित्या २०२३ मध्ये स्थापन झाल्या, वकील लागत नाही.

आणि पोलीस. तो मुलगा तक्रार करेल ती फसवणुकीची. तुम्ही करायची ती तुमचं नाव वापरल्याची, वेगळी. आयटी कायद्याचं ६६ड, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि ३१९. तुम्ही नाशिकला असाल तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर घेतला पाहिजे, हद्द सांगून परत पाठवता येत नाही. सायबर ठाण्यात 'पैसे तुमचे गेले नाहीत ना, मग कशाला' असं ऐकावं लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा.

गोदाकाठचा

ताई, मनापासून आभार. कालनिर्णय कामाला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, बायकोला सांगितलं तर ती आता रद्दीतून जुनी सगळी काढून ठेवणार. मूळ फाइल सापडली, बाराच्या बारा फोटो आहेत.

पण हिरव्या खुणेचं राहिलंच. मला राग त्याचा आहे. त्या मुलाला मी विचारलं, अरे तेरा हजारांत मिळतंय म्हटल्यावर शंका नाही आली? तो म्हणाला, "आली होती ना, पण व्हेरिफाइड होतं." ही खूण साइटने दिली. त्या भामट्याने नाही दिली.

पडद्यामागचा

काही वर्षं अशाच एका कंपनीत 'लिस्टिंग क्वालिटी' मध्ये होतो. नाव विचारू नका.

आमच्याकडे 'व्हेरिफाइड' चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असायचा की फोन नंबरवर ओटीपी गेला आणि परत आला. नंबर खरा आहे, एवढंच पडताळलं. घर त्याचं आहे का, हे नाही. काही शहरांत आमची माणसं कॅमेरा घेऊन जाऊन फोटो काढायची, तिथे जीपीएससकट नोंद व्हायची, ती खूण खरी. पण पडद्यावर दोन्ही खुणा जवळपास सारख्याच दिसायच्या, आणि मार्केटिंगवाल्यांना ते तसंच हवं होतं. कागद मागितला तर लाइट बिल चालायचं. अनेक सोसायट्यांत मीटरच्या खोलीत फ्लॅट नंबरासकट ग्राहक क्रमांक लिहिलेला असतो, तेव्हा बिल मिळवणं किंवा बनवणं याला काय लागतं.

जुने फोटो परत येतात हे मशीनला पकडता येतं. आमच्याकडे तशी यंत्रणा होती. दोन जाहिरातींत एकच फोटो आला की लाल दिवा लागायचा. पण एकाच फ्लॅटची जाहिरात मालक, तीन एजंट आणि मालकाचा भाचा असे पाच जण टाकतात, तेव्हा लाल दिवे इतके लागायचे की कुणी बघायचं नाही. शिवाय जाहिराती कमी दाखवल्या तर गुंतवणूकदारांना दाखवायचा आकडा कमी होतो. एवढं बोललो म्हणजे बरंच बोललो.

एक कामाची गोष्ट. जाहिरात उतरायच्या आधी पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि लिस्टिंग क्रमांकासकट, आणि ती खूण दिसली पाहिजे. उतरल्यावर कंपनी म्हणेल की खूण कधी नव्हतीच.

बाररूम

पडद्यामागच्या साहेबांनी लिहिलं ते नोटिशीत वापरता येत नाही, पण युक्तिवादात फार उपयोगी आहे.

मूळ प्रश्नाकडे येते. 'केवळ मध्यस्थ' कुठवर? यावर आपल्याकडची कोर्टं एका सुरात बोलत नाहीत. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने लुबुटिन या बुटांच्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं की जी साइट व्यवहारात सक्रिय भाग घेते, माल तपासते, खरेपणाची हमी देते, तिला कलम ७९ ची छत्री सहजासहजी मिळणार नाही. २०२० मध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने ॲमेझॉन आणि ॲमवेच्या भांडणात नेमकं उलट सांगितलं, की सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद कायद्यात लिहिलेलाच नाही. आणि २०२३ मध्ये गूगलच्या जाहिरात-योजनेबद्दल आणखी एका खंडपीठाने म्हटलं की पैसे घेऊन जाहिराती चालवणारा, त्यात जातीने लक्ष घालणारा हा सक्रिय भागीदार आहे, बेकायदा काही घडलं तर तो छत्रीखाली लपू शकत नाही. हे खटले ट्रेडमार्क आणि मालविक्रीचे होते, घराच्या जाहिरातींचे नव्हते. पण तर्क तोच लागतो. ओटीपी घेऊन 'व्हेरिफाइड ओनर' असं साइटने स्वतः लिहिलं, तर ते दोन शब्द जाहिरातदाराचे नाहीत, साइटचे आहेत. कलम ७९ दुसऱ्याच्या मजकुरासाठी आहे. स्वतःच्या तोंडच्या वाक्याला ते लागू कसं होईल? मी तरी कोर्टात उभी राहिले तर इथेच बोट ठेवीन.

मात्र ही लढाई तुमची नाही, त्या लातूरच्या मुलाची आहे. तुम्ही २०२३ मध्ये फुकट जाहिरात टाकली असेल तर तुम्ही 'ग्राहक' नाही. त्याने प्लॅन विकत घेतलाय, पावती आहे, आणि ज्या सेवेसाठी पैसे दिले ती, म्हणजे खऱ्या मालकाचा नंबर, मिळालीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात तक्रार होते, आणि ती लातूरलाच करता येते, कंपनीच्या शहरात जायला नको. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अटी-शर्तींत 'लवादाकडेच जावं लागेल' असं असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात ठरून गेलंय. त्याला आधी १९१५ वर फोन करून ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवायला सांगा. पुष्कळदा कंपनी तिथेच नमते. ८,००० गेले त्याचं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं का? ते जितकं लवकर तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती काही लागत नाही.

ए५१७वाला

ठाण्यात एजंट आहे, महारेराचा नंबर घेतलेला. वाचून राहवलं नाही.

आम्हाला नोंदणी घ्या म्हटलं, घेतली. २०२३ मध्ये सांगितलं ट्रेनिंग करा, परीक्षा द्या, पन्नाशीत पेन घेऊन परीक्षेला बसलो. नव्या प्रकल्पाची जाहिरात करायची तर नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही टाकायचा, नाही तर ५०,००० पर्यंत दंड. माझ्या ओळखीच्या एकाला व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फ्लायरबद्दल विचारणा झाली. ठीक आहे, ग्राहकाच्या भल्याचं आहे, तक्रार नाही. पण ज्या साइटवर आम्ही महिन्याला पॅकेज भरून जाहिरात टाकतो, ती आमच्याकडून पैसे घेते, गिऱ्हाइकाकडूनही घेते, भाडेकरार करून देते, पॅकर्स-मूव्हर्स पाठवते, घरकर्जाचे फोन लावते, आणि चूक झाली की म्हणते आम्ही नुसती भिंत, पोस्टर कुणी चिकटवलं आम्हाला काय माहीत. वर जाहिरात काय, तर 'ब्रोकरला टाळा'.

आमच्या महासंघाने स्पर्धा आयोगाकडेही तक्रार केली होती मोठ्या पोर्टलांविरुद्ध. ती फेटाळली गेली. म्हणे बाजारात अनेक साइट्स आहेत, कुणा एकाची मक्तेदारी नाही. कायद्याने बरोबर असेलही. पण माणिकबागेतला एखादा जुना एजंट असता तर तेरा हजारांत टू बीएचके ऐकून त्याने पहिल्याच मिनिटाला फोन ठेवला असता.

मुठेपलीकडे

साहेब, सिंहगड रोडला एजंटाकडून फसलेलेही कमी नाहीत. दोन घरं दाखवायची हजार रुपये 'व्हिजिट फी' घेऊन गायब झालेला मी बघितलाय. आणि भाड्याच्या घराला तुमचा महारेरा नंबरही कामाचा नाही, ताईंनी वर लिहिलंच आहे.

ए५१७वाला

मान्य. भाड्याला कुणाचाच धाक नाही, ना आमच्यावर ना त्यांच्यावर. म्हणूनच हे भामटे विक्रीत कमी आणि भाड्यात जास्त दिसतात. विक्रीत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला मालकीचा उतारा काढतात, सर्च रिपोर्ट होतो, बँक कागद बघते. भाड्याच्या घरात आठ-दहा हजारांसाठी कोण इंडेक्स टू बघणार?

संध्या_डोंबिवली

थोडं विषयांतर. याच साइटवर मी माझं डोंबिवलीचं घर टाकलं, तेव्हापासून इंटिरियरवाले, कर्जवाले, वास्तुशास्त्रवाले यांचे फोन थांबत नाहीत. जाहिरात काढून वर्ष झालं. याला काही इलाज?

बाररूम

१९०९ वर डीएनडी नोंदवा आणि नंतरही फोन आले तर तिथेच तक्रार करा. आधी दिलेली संमती मागे घेत असल्याचं साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, तोवर डीएनडीवर भागवावं लागेल.

गोदाकाठचा

सगळ्यांसाठी खबर.

तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता सापडला. खरंच अटी-शर्तींच्या तळाशी होता, मोबाइलवर तर ते पान उघडतच नाही, कॉम्प्युटर लावावा लागला. ताईंनी सांगितलं तसा एकच मेल केला. वर 'तोतयेगिरी आणि कॉपीराइट', खाली लिंक, मूळ फोटो, कालनिर्णयाच्या पानाभोवती चौकट करून मोठा केलेला तुकडा, फ्लॅटचं इंडेक्स टू, चालू भाडेकरार. दुसऱ्या दिवशी पोच आली आणि त्याच संध्याकाळी जाहिरात गेली. कारण दिलं, 'बौद्धिक संपदेविषयी तक्रार'. तोतयेगिरीबद्दल चकार शब्द नाही. हिरव्या खुणेबद्दल विचारलं, त्याचं उत्तर अजून नाही.

नाशिकच्या ठाण्यात आधी अपेक्षित वाक्य ऐकलं, "तुमचं काय गेलं?" झिरो एफआयआर म्हटल्यावर साहेबांनी मान वर करून बघितलं, मग बसायला सांगितलं. घेतला. पुण्याला वर्ग होईल म्हणाले. साइटकडे त्या अकाउंटचा नंबर मागितला तर 'फक्त पोलिसांनाच देऊ' असं आलं.

मुलाने १९३० वर फोन केला होता, पण तिसऱ्या दिवशी. खात्यात थोडीच रक्कम उरली होती, ती गोठवली आहे. प्लॅनचे पैसे मात्र १९१५ च्या तक्रारीनंतर कंपनीने 'सदिच्छा म्हणून' परत केले. तो म्हणतो झालं, आता आयोगात कशाला जाऊ. मी त्याला दोनदा सांगून बघितलं. नव्या नोकरीतून रजा मिळत नाही त्याला, जास्त काय बोलणार.

आणि आज दुपारी त्याच फोटोंसह दुसऱ्या साइटवर जाहिरात दिसली. भाडं आता १२,०००. तोच मेल नाव बदलून पाठवला. पहिल्या साइटचं विचारायचं राहिलं. ताई, ते २१ दिवस संपले की जाहिरात परत चढेल का? त्यासाठी मला कोर्टात जावं लागेल?

बाररूम

कागदावर होय. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही तर साइटला तो मजकूर पुन्हा दाखवायची मुभा आहे, आणि त्याच जागच्या त्याच फोटोंबद्दल तुमची पुढची तक्रार त्यांनी ऐकलीच पाहिजे असंही नाही. पण एफआयआरची प्रत हातात असताना फसवणुकीची जाहिरात स्वतःहून परत चढवेल अशी साइट मी तरी बघितलेली नाही. म्हणून मुदत संपायची वाट न बघता ती प्रत त्याच मेलला जोडून आजच पाठवा, आणि सोबत लिहा की या अकाउंटची माहिती जपून ठेवावी. काढलेला मजकूर आणि नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवणं २०२१ च्या नियमांनी त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुण्याला तपास अधिकारी नेमला गेला की त्यांना सांगा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस त्या १८० दिवसांच्या आत दोन्ही साइट्सना जाऊ द्या. तपास अधिकारी तिसऱ्यांदा फोन केल्यावर भेटतात, तेवढी चिकाटी ठेवा. दुसऱ्या साइटचा लिस्टिंग क्रमांक आणि स्क्रीनशॉट एफआयआरला पुरवणी जबाब म्हणून जोडायला विसरू नका, तेही हिरव्या खुणेसकट, तिथे असेल तर.

गोदाकाठचा

आहे. तिथे निळी आहे.